वायंडिंगच्या दुकानात रवण

बाराव्या रात्री मुंगसानं कोंबडी नेली.
उजाडायच्या आत गजराक्का अंडी पदरात घेऊन
थेट दुकानात, लेंगऱ्याच्या स्टँडमागं,
जळक्या मोटरींच्या वासात.
"ऊब हाय अजून. तुज्याकडं बल्ब हाईत. बसव."

मी म्हटलं, आक्का, मी मोटरी भरतो.
तीनची विचार, साडेसातची विचार.
ती म्हणाली, "दस्तगीर, तुज्या बानं माज्या दारच्या
किती कापल्या, काय हिशेब?
त्यातल्या अकरा माघारी दे."

बाप गावचा मुलाणी.
त्याची सुरी मी घेतली नाही, तांब्याची तार घेतली.
पण हात त्याचाच, रुंद,
अंगठा जरासा बाहेर वळलेला.

जनावरांच्या दवाखान्यातला लसीचा रिकामा खोका.
चाळीसचा पिवळा बल्ब, जपून ठेवलेला शेवटचा.
थर्मोस्टॅट विट्याहून आणला, पैसे माझेच.
साडेसदतीस. कोपऱ्यात वाटीभर पाणी.
प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला फुली, दुसऱ्याला गोळा,
आणि दिवसातनं तीनदा डाव पालटायचा:
फजरला, जेवणाच्या सुट्टीला, शटर ओढताना.

चौदाव्या रात्री मोबाइलचा टॉर्च लावला.
दोन कोरी निघाली.
बाकीच्यांत लाल मुळ्या,
आणि मुळ्यांच्या मधोमध
काहीतरी दचकलं.
मीही.

सोळाव्याला ट्रान्सफॉर्मर उडाला.
साऱ्या गावाच्या मोटरी भरणारा मी,
माझा एक बल्ब पेटेना.
मदिनानं गरम पाण्याच्या बाटल्या भरल्या, ओढणीत गुंडाळल्या,
खोका मांडीवर घेऊन बसली पहाटेपर्यंत.
"कोंबडी अशीच बसती," ती म्हणाली, "अन्नपाण्याला उठली तर उठली."
थोड्या वेळानं म्हणाली,
"आणि आपण तिला बादलीत बुचकाळून काढतो.
खुडूक मोडायला."
मी बाटल्या बदलल्या.

गजराक्का रोज तिन्हीसांजेला यायची, खोक्याला तोंड लावायची.
कुर्र, कुर्र.
"आई आतल्यांशी बोलत असती, लेका.
न्हाईतर मुकी निघतील."
मी हसायचो आणि हँडल फिरवायचो,
वायंडिंगच्या मशीनचं:
टक टक टक, एकशे साठ वेढे,
टक टक टक, परत एकशे साठ.

एकविसाव्याला दुपारी आतून ठोका आला.
मी समजलो बेअरिंग.
सात निघाली, ओली, कुणीतरी चिडून चुरगळलेली वाटावीत अशी.
एकानं नुसती चोच बाहेर काढली,
आणि तेवढंच जग बघून थांबलं.
एक आतच राहिलं.
गजराक्कानं दोन्ही लिंबाखाली पुरली, काही बोलली नाही.

कण्या टाकल्या, पिल्लांना कण्या कळेनात.
बोटानं टोचून दाखवलं तेव्हा कळल्या.
घारीची सावली कळेना, ती आक्कानं ओरडून शिकवली.
तिच्या कुर्रला मात्र एकही यायचं नाही.
मी मशीन फिरवलं की यायची.
टक टक टक,
आणि सातच्या सात
तारेच्या भुग्यातून, ग्रीसच्या डब्यांवरून धडपडत
स्टुलाखाली, हँडलच्या बरोब्बर खाली,
डोळे मिटून.
"घ्या," आक्का म्हणाली, "आमी नऊ दिस बोंबललो,
आणि आय कोण, तर लोखंड."
रुसली ती. दोन दिवस आलीच नाही.

चैत्रात जत्रा आली.
आदल्या दिवशी ती दुकानात, काखेत त्यातलाच एक,
तांबडा तुरा, पाय सुतळीनं बांधलेले.
चुलतभाऊ मस्जिदीमागं बसतो जत्रेत सुरी घेऊन,
तिकडंच निघाली असणार.
"माजी मोटर झाली का?"
म्हटलं, शेवटचा सेट राहिलाय, बस.
मी हँडल धरलं. चार वेढे झाले असतील.
त्यानं मान वळवली.
मग अख्खं अंग वळवलं, तिच्या काखेतून,
माझ्याकडं नाही,
मशीनकडं.

मी थांबलो. आकडा विसरलो.
आक्का बराच वेळ सुतळीकडं बघत होती.
"मोटर उद्या नेते," म्हणाली,
आणि आली तशी
घराच्या वाटेनं गेली.

मला सगळे वेढे उसवून
पहिल्यापासून भरावे लागले.